वेशीवरचा पहारा

नव्वदी ओलांडलेल्या मनुष्यास त्याच्या तारुण्यातील अपराधाबद्दल न्यायासनापुढे उभे करावे काय, हा प्रश्न जर्मनीत गेली काही वर्षे वारंवार निघत आला आहे. आमच्याकडे वकिलांच्या खोलीतही तो एकदा दुपारच्या चहाबरोबर निघाला. एक ज्येष्ठ वकीलमित्र म्हणाले, "अहो, ज्याच्या गोवऱ्या मसणात गेल्या, त्याला शिक्षा ती काय करायची? देव बघून घेईल." आम्ही सर्वांनी माना डोलावल्या. पाच मिनिटेही लोटली नसतील, बोलणे गोरट्याकडे वळले. आणि तेच मित्र तितक्याच ठामपणे म्हणाले की गोरट्याचा एखादा रझाकार आज शंभरीचा होऊन सापडला, तरी त्याला भर चौकात फासावर द्यावा. याही वेळी सर्वांनी माना डोलावल्या. त्यांत आमचीही मान होती.

एका पेल्यात दोन निवाडे! वकिलाच्या धंद्यात ही गोष्ट नवी नव्हे. पक्षकार बदलला की युक्तिवाद बदलतो, आणि त्याबद्दल कोणी आम्हांस दोष देत नाही. परंतु ज्या प्रकरणात आपण स्वतःच पक्षकार आहो, तेथे तरी दोन्ही निवाडे एकमेकांशेजारी ठेवून पाहावे, या विचाराने त्या रात्री आम्ही पंडित सुंदरलाल समितीचा हैदराबादविषयक अहवाल पुन्हा काढून वाचला. १९४८ च्या अखेरीस केलेल्या पाहणीवर आधारलेला हा अहवाल कित्येक दशके सरकारी दप्तरात पडून होता. २०१३ साली ए. जी. नूरानी (हेही वकीलच) यांच्या 'द डिस्ट्रक्शन ऑफ हैदराबाद' या ग्रंथात तो छापला गेला. अहवाल म्हणजे वाङ्मय नव्हे हे आम्ही जाणतो. तथापि बीदर, कलबुर्गी, धाराशिव आणि नांदेड या जिल्ह्यांविषयी इतक्या थोड्या पानांत इतका जड मजकूर आमच्या वाचनात दुसरा नाही. त्याचा गुणदोषविचार येथे करावयाचा आहे. परंतु तत्पूर्वी जर्मनीतील प्रश्न नेमका काय होता, हे सांगणे अवश्य आहे. कारण ज्या चष्म्यातून आम्ही हा अहवाल वाचला तो चष्मा तिकडचा आहे. (निदान आरंभी आम्हांस तसे वाटले.)

दुसरे महायुद्ध १९४५ साली संपले. न्यूरेंबर्ग येथे नाझी राजवटीच्या अग्रणींचा न्याय झाला. छावण्यांच्या बुरुजांवर बंदूक घेऊन उभे राहिलेले, याद्या लिहिणारे, गाडीतून उतरलेल्यांच्या पैशांची मोजदाद करणारे हजारो लहान लोक मात्र घरी परतले आणि आपापल्या उद्योगास लागले. फ्रांकफुर्ट येथे १९६३ ते १९६५ या काळात आउशवित्झ छावणीचा मोठा खटला चालला, तेव्हा सरकारी वकील फ्रित्झ बाउअर यांचे म्हणणे असे होते की ती छावणी हेच मुळी एक कृत्य आहे. तिच्यात जाणूनबुजून राबलेला प्रत्येकजण त्या कृत्याचा भागीदार होय. न्यायालयाने हे मानले नाही. अमुक आरोपीने अमुक माणसास मारले असे सिद्ध झाले पाहिजे, असा दंडक पडला. परिणाम असा की ज्याने स्वहस्ते एकाचा जीव घेतला तो सापडे, आणि ज्याने हजारोंना कुंपणाबाहेर पडू दिले नाही तो सुटे. पेटर वाइस या नाटककाराने याच खटल्यातील साक्षींवरून १९६५ साली 'दि इन्व्हेस्टिगेशन' हे नाटक रचले. त्यात साक्षीदारांना नावे नाहीत. आरोपींना मात्र त्यांची खरी नावे आहेत. वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे तिचे कारण पडणार आहे.

खुनाच्या खटल्यास मुदतीचे बंधन असावे की नसावे, यावर जर्मन विधिमंडळात १९६५ व १९६९ साली वाद झाले, मुदत पुढे ढकलण्यात आली, आणि १९७९ साली ती कायमची काढून टाकण्यात आली. पण बाउअर यांचा मुद्दा न्यायालयाच्या गळी उतरण्यास २०११ साल उजाडावे लागले. त्या वर्षी म्यूनिक येथे सोबिबोर छावणीचा पहारेकरी जॉन डेम्यान्युक यास २८ हजारांहून अधिक हत्यांना साहाय्य केल्याबद्दल ५ वर्षांची शिक्षा झाली. अपील चालू असतानाच तो २०१२ मध्ये वारला. २०१५ साली ल्यूनेबुर्ग येथे आउशवित्झमध्ये पैसा मोजणारा ऑस्कर ग्रोनिंग, वय ९४, यास ४ वर्षांची शिक्षा झाली. वरिष्ठ न्यायालयाने ती कायम केली, पण तुरुंगाचे दार पाहण्यापूर्वीच २०१८ साली तोही गेला. २०२२ साली श्टुटहोफ छावणीच्या कार्यालयातील टंकलेखिका इर्मगार्ड फुर्शनर ९७ व्या वर्षी दोषी ठरली. खटल्याच्या पहिल्याच दिवशी ही बाई वृद्धाश्रमातून टॅक्सी करून पसार झाली होती! मृत्यूच्या दारी टेकलेल्या माणसालाही न्यायासनाची इतकी धास्ती वाटावी, यावरून "आता शिक्षेला अर्थ काय" या प्रश्नाचे अर्धे उत्तर आम्हांस तेथेच मिळाले.

या सर्वांत आमचे मन गुंतले ते ब्रूनो डाय याच्या प्रकरणात. हा श्टुटहोफच्या बुरुजावरचा पहारेकरी. तेथे उभा राहिला तेव्हा वय १७. हाम्बुर्ग येथे २०२० साली निकाल लागला तेव्हा ९३. गुन्ह्याच्या वेळी अज्ञान होता म्हणून त्र्याण्णव वर्षांच्या म्हाताऱ्याचा खटला बालन्यायालयापुढे चालला. त्याने कोणावर गोळी झाडल्याचा पुरावा नव्हता. तो उभा होता, एवढेच. ५,२३२ हत्यांना साहाय्य केल्याबद्दल त्यास २ वर्षांची शिक्षा झाली आणि तीही स्थगित ठेवण्यात आली. आमचे मित्र या शिक्षेला हसले. ५,२३२ जीव आणि दोन वर्षे, तीही घरी बसून! आम्ही हसलो नाही, कारण आमच्या मते त्या निकालाचे सारे वजन शिक्षेच्या आकड्यात नसून दोषाच्या नोंदीत आहे. "तुझे तेथे उभे राहणे हेही कृत्य होते" एवढे एक वाक्य राज्याच्या मुखातून निघण्यास ७५ वर्षे लागली.

आता चष्म्याची गोष्ट. आमच्या जिल्ह्यातील कल्याण, आजचे बसवकल्याण, ही चालुक्यांची राजधानी. तेथे सहाव्या विक्रमादित्याच्या काळी, सुमारे ९०० वर्षांपूर्वी, विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा ही टीका लिहिली. कलबुर्गी जिल्ह्यातील मरतूर हे त्याचे गाव असे सांगतात. एकत्र कुटुंबाच्या वाटणीचा दावा चालविताना आम्ही वकील मिताक्षरेचे नाव उठल्याबसल्या घेतो. परंतु दायविभागाच्या पुढे जाऊन ती चाळणारे आमच्यांत थोडे. आम्हीही उशिराच चाळली.

मुदतीचा विचार तेथे आहे. मालकाच्या डोळ्यांदेखत परका त्याची जमीन २० वर्षे किंवा इतर धन १० वर्षे उपभोगीत राहिला आणि मालकाने तोंड उघडले नाही, तर त्याची हानी होते असे स्मृती सांगते. त्यावर विज्ञानेश्वर म्हणतो की इतक्यानेही मालकी जात नाही. जाते ते मधल्या काळातील उत्पन्न. म्हणजे ज्या कालावधीची चर्चा आहे तो शेताचा आणि धनाचा आहे. साहसाचे, म्हणजे बळजोरीच्या गुन्ह्यांचे प्रकरण आले की स्मृतीचा सूर एकदम बदलतो: तेथे प्रतिवादीस उत्तरासाठी सवड देऊ नये, तत्काळ न्याय चालवावा. रक्ताच्या बाबतीत उशीर हा राजाचा दोष. त्याचा लाभ अपराध्यास मिळावा असे तेथे कोठेही सुचविलेले आम्हांस दिसले नाही.

आणि प्रायश्चित्तकांडात, ब्रह्महत्येचा विचार करताना, विज्ञानेश्वर मारणाऱ्याखेरीज आणखी काही माणसांची गणना करतो: प्रेरणा देणारा प्रयोजक, संमती देणारा अनुमंता, निमित्त होणारा निमित्ती, आणि अनुग्राहक. अनुग्राहक कोण? जो स्वतः प्रहार करीत नाही, पण पळू पाहणाऱ्याची वाट अडवितो, मारणाऱ्यास इतरांपासून सांभाळतो, आणि त्यायोगे त्याचा हात बळकट करतो, तो. हे वाचले तेव्हा आम्ही पुस्तक मिटून थोडा वेळ स्वस्थ बसलो. श्टुटहोफच्या बुरुजावरचा तो सतरा वर्षांचा पोर आमच्या कल्याणात नऊशे वर्षांपूर्वीच ओळखला गेला होता. त्याचा दोष कर्त्याहून कमी, परंतु दोष निश्चित.

यावरून आमच्या पूर्वजांस सर्व काही ठाऊक होते, असा डांगोरा पिटण्याची आमची इच्छा नाही. त्याच ग्रंथात दंडाचे माप वर्णाप्रमाणे बदलते, आणि ज्याच्या वधाच्या निमित्ताने ही सूक्ष्म चर्चा आली तो ब्राह्मण आहे. शूद्राच्या वधाला तेवढी किंमत नाही. ते माप टाकून द्यावयाचे आणि हे विश्लेषण ठेवावयाचे, एवढे तारतम्य वाचकास असलेच पाहिजे. शिवाय आमच्या चालू कायद्यातही ही कल्पना परकी नव्हती. १८६० च्या दंडसंहितेच्या कलम १४९ प्रमाणे बेकायदा जमावाच्या समान उद्दिष्टासाठी गुन्हा झाला तर जमावातील प्रत्येक माणूस त्या गुन्ह्याचा दोषी. नव्या न्यायसंहितेत हेच कलम १९० झाले आहे. खुनाच्या खटल्यास आमच्याकडे मुदत नाही. म्हणजे जर्मनांस जे २०११ साली उमगले ते आमच्या हाती १९४८ साली तयार होते. मग आम्ही त्याचे काय केले?

रझाकारांचा इतिहास या पत्राच्या वाचकांस सांगण्याची आवश्यकता नाही; कित्येकांच्या घरात तो अजून सांगितला जातो. कोणाच्या आजीने दागिने चुलीखाली पुरले, कोणाचे घराणे रातोरात सोलापूरकडे सरकले. मे १९४८ मध्ये बसवकल्याण भागातील गोरट्यात दोनशेच्या आसपास माणसे मारली गेली असे सांगतात. २६ मार्च २०२३ रोजी तेथे हुतात्म्यांच्या स्मारकाचे उद्घाटन झाले आणि १०३ फूट उंचीचा राष्ट्रध्वज उभारण्यात आला. ते योग्यच झाले. त्याच वर्षी, ऑगस्ट १९४८ मध्ये, रझाकारांविरुद्ध लिहिणारे 'इमरोज' या उर्दू पत्राचे संपादक शोएबुल्ला खान यांचा हैदराबादेत खून झाला, हेही स्मरणात असू द्यावे. रझाकारांच्या बळींची यादी एकाच धर्माच्या रकान्यात मावत नाही.

रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी हा लातूरचा वकील. आमच्याच धंद्यातला, आणि आमच्याच बोलीच्या मुलखात वकिली केलेला. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा शिरल्या, १७ तारखेस निजामाने हार पत्करली, रझवी पकडला गेला. त्याने शिक्षा भोगली ती बीबीनगरच्या दरोड्याच्या प्रकरणात, ७ वर्षांची. खास न्यायाधिकरणापुढे खटला चालविल्याने समतेच्या हक्काचा भंग झाला, अशी त्याची तक्रार जानेवारी १९५३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी फेटाळली. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशात, अशा आरोपीच्या बाजूने दोन न्यायमूर्तींची मते पडावी, याचा आम्हांस वकील म्हणून अभिमान वाटतो. १९५७ साली सुटून तो पाकिस्तानात गेला, आणि १९७० साली कराचीत मेला. त्या सात वर्षांत गोरट्याचा हिशेब नव्हता. बाकी हजारो रझाकार पकडले गेले, त्यांतील बहुतेक पुढे सुटले. म्हणजे आमच्याकडेही न्यूरेंबर्गच झाले. बुरुजावरचा माणूस घरी गेला.

या काळावर आमच्याकडे लिहिले गेले ते मुख्यतः चळवळीतील मंडळींनी. स्वामी रामानंद तीर्थांच्या इंग्रजी आठवणी १९६७ साली निघाल्या. अनंत भालेरावांचा मराठवाड्याच्या संग्रामावरील ग्रंथ तर आजही आधाराला घ्यावा असा. परंतु त्यांच्या मागोमाग जे स्मरणग्रंथ, गौरवांक आणि सप्टेंबरातील खास पुरवण्या निघाल्या, त्यांतील बहुतेकांची एक रीत पडून गेली आहे. हुतात्म्यांची नावे त्यांत असतात. मारणारा हा केवळ "रझाकार" असतो, त्याला ना गाव ना नाव. आणि शेवटचे पान १७ सप्टेंबर १९४८ या तारखेस मिटते. ध्वज चढला, पेढे वाटले, समाप्त.

सुंदरलाल समितीचा अहवाल नेमका तेथून सुरू होतो. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी हे तिघे २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या काळात संस्थानात फिरले. १६ पैकी ९ जिल्हे त्यांनी पाहिले. जेथे जाता आले नाही अशा १०९ गावांतील पाचशेहून अधिक माणसांशी ते बोलले. त्यांच्या अंदाजाप्रमाणे फौजा आल्या त्या वेळी आणि त्यानंतर संस्थानात निदान २७ ते ४० हजार माणसे मारली गेली. मारले गेलेले मुख्यतः मुसलमान. सर्वांत अधिक हानी उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांत, निदान १८ हजार. रझवीच्या लातुरात कत्तल वीस दिवसांहून अधिक चालली. सुमारे १० हजार मुसलमान वस्तीपैकी समितीस तेथे जेमतेम ३ हजार आढळले, हजाराहून अधिक मेले होते, बाकीचे पळाले होते. रझाकारांच्या जुलमानंतर हे घडले, ही गोष्ट समितीने मुळीच लपविलेली नाही.

लेखन म्हणून या अहवालाचा पहिला गुण त्याचा संयम. एवढा विषय हाती असून एकाही ठिकाणी हुंदका नाही. दुसरा गुण असा की काळोखातील दिवेही तो टिपून ठेवतो. समान धंद्याच्या माणसांत आपुलकी अधिक दिसली असे समिती म्हणते: हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांस हिंदूंपासूनच वाचविले, आणि त्यापायी काहींनी स्वतःचे प्राणही गमावले, पळविलेल्या स्त्रिया परत मिळवून देण्यास अनेक हिंदूंनी साहाय्य केले. माग चालविणाऱ्या या माणसांचे स्मारक कोठे आहे? आमच्या सप्टेंबरातील पुरवण्यांत त्यांच्यावर एखादा लेख आम्ही अद्याप पाहिलेला नाही.

दोषही सांगितले पाहिजेत. आकडे अंदाजाचे आहेत. घरोघर मोजणी झालेली नाही, आणि २७ व ४० या दोन आकड्यांमधील १३ हजार माणसे ही काही लहानसहान फट नव्हे. सरदार पटेलांस तो मान्य नव्हता, आणि सरकारने तो प्रसिद्ध केला नाही. उलटतपासणीस एकही साक्ष उभी राहिलेली नाही. परंतु वकिलास सर्वांत जाचतो तो दोष निराळाच. वाइसच्या नाटकात आरोपींना नावे आहेत, साक्षीदारांना नाहीत. आमच्या स्मरणग्रंथांत बळींना नावे आहेत, आरोपींना नाहीत. या अहवालात मारल्या गेलेल्यांची नावानिशी यादी नाही आणि मारणाऱ्यांचीही नाही. तो सरकारच्या वाचनासाठी लिहिला होता, न्यायालयासाठी नव्हे. म्हणून तो वाचून मन विषण्ण होते, पण कोणाच्या हातात बेडी पडण्याजोगे त्यात काही नाही. ज्या सरकारने खास न्यायाधिकरणे नेमून रझाकारांचे खटले चालविले, त्याने हा अहवाल हाती घेऊन पुढचा तपास केला असता तर ती नावे १९४९ साली सहज मिळाली असती.

येथे आमचे ज्येष्ठ मित्र म्हणतील (किंबहुना ते म्हणालेच), "ती प्रतिक्रिया होती. आधी कोणी सुरू केले?" या आक्षेपाचे वजन आम्ही कमी लेखत नाही. गोरट्याच्या आईने काय भोगले ते आम्ही चहा पिता पिता मोजू शकत नाही. तथापि, गंभीर आणि आकस्मिक चिथावणीचा अपवाद खुनाच्या व्याख्येत आहे, तो ज्याने चिथावणी दिली त्याच्यावर, राग निवण्यापूर्वी केलेल्या प्रहारापुरता. मे महिन्यात रझवीच्या टोळीने दिलेली चिथावणी सप्टेंबरअखेर एखाद्या पिंजाऱ्याच्या घरावर वसूल करता येत नाही. हे आम्ही नव्हे, प्रत्येक सत्र न्यायालय रोज सांगते; आणि भावकीच्या भांडणातील आरोपी हाच बचाव घेऊन आले म्हणजे आमचे हेच मित्र, फिर्यादीच्या बाजूने असले तर, त्याच्या चिंध्या उडवितात.

येथवर वकिलाच्या अंगाने लिहिले. परंतु या विषयावर लेखणी उचलण्याचा आम्हांस कितपत अधिकार आहे, हे वाचकांस कळावे म्हणून एक घरची गोष्ट सांगणे भाग आहे.

कायद्याच्या परीक्षेच्या दिवसांत आम्ही पडवीत बसून कलमे मोठ्याने पाठ करीत असू. आमचे आजोबा शेजारी सुपारी कातरीत बसत. फारसे शिकलेले नव्हते, पण गावच्या मारुतीच्या देवळाचे ते चाळीसएक वर्षे पंच होते. कलम १४९ चा अर्थ आम्ही मराठीत घोळवीत होतो, तेव्हा अडकित्ता थांबवून त्यांनी विचारले, "आन् जो निस्ता हुबा ऱ्हायला, त्याला?" आम्ही विद्यार्थ्याच्या उत्साहाने म्हणालो, "त्यालाही." ते "बरं" म्हणाले आणि उठून गेले.

चारआठ दिवसांनी त्यांनी स्वतः होऊन सांगितले. फौज गावावरून पुढे गेली त्याच्या पाचव्या-सहाव्या दिवशी बाहेरगावचे लोक आले, गावातले काही त्यांना मिळाले. गावात तांबोळी, अत्तार, पिंजारी यांची दहाबारा घरे. आजोबा तेव्हा तेवीस वर्षांचे. त्यांच्या हाती काठी देऊन त्यांस वेशीत उभे केले: कोणाला बाहेर जाऊ द्यायचे नाही. पहाटेच्या सुमारास रोजच्या ओळखीचा एक तांबोळी पोराला कडेवर घेऊन वेशीकडे धावत आला. "त्यो मला वळखूनच आला," आजोबा म्हणाले. वेशीत दुसरा कोणी असता तर तो कदाचित ओढ्याच्या वाटेने गेला असता. आजोबांनी काठी आडवी धरली. याहून अधिक ते बोलले नाहीत. आम्हांस लहानपणापासून एक कोडे होते, की देवळाला जाण्यास वेशीतून सरळ वाट असता हा म्हातारा नेहमी ओढ्याकडून वळसा घालून का जातो. ते कोडे त्या दिवशी सुटले.

आजोबांस आम्ही न्यायालयात उभे केले असते काय? त्या चहाच्या दुपारपासून हा प्रश्न आम्ही टाळीत आलो, आणि हा लेख लिहावयास बसलो तेव्हा तो टाळता येईना. आमचे उत्तर असे की, होय, उभे केले पाहिजे होते: १९४९ साली तर अवश्य, आणि शेवटच्या वर्षी, डोळे गेले होते, काठीशिवाय उठवत नव्हते, तेव्हाही. तुरुंगात पाठवावे असे आमच्या मनात येत नाही. हाम्बुर्गच्या न्यायालयाने दिली तशी स्थगित शिक्षा पुरे होती. पण अनुग्राहकास अनुग्राहक म्हणणारे कोणी, देवळाच्या पंचांहून आणि घरच्या माणसांहून मोठे, त्यांच्यासमोर बसावयास हवे होते. ओढ्याकडचा वळसा हे त्यांनी स्वतःस दिलेले प्रायश्चित्त असेल; ते खरेही असेल. परंतु ज्याची वाट अडविली त्याच्या माणसांस त्या वळशाचा अर्थ कधी कळला नाही. दंड हा चारचौघांत द्यावा लागतो तो याचसाठी. आजोबांना ही सवलत नाकारल्यावर गोरट्याच्या शंभरीतल्या रझाकारास ती देण्याचा प्रश्न उरत नाही. आणि त्याला चौकात फाशी मागणाऱ्याने आपल्या आजोबांचे वय आधी तपासून पाहावे.

हे सर्व आता बोलण्यापुरतेच आहे, हे आम्ही जाणतो. जर्मनांजवळ कागद होते: पहाऱ्याच्या नेमणुका, हजेऱ्या, आगगाड्यांच्या याद्या. डायविरुद्ध मुख्य साक्ष त्यांच्याच दप्तराने दिली. आमच्या वेशींवर हजेरीपट नव्हते. जमावाच्या गुन्ह्यात एकट्या साक्षीदारावर भिस्त न ठेवता दोन-तीन साक्षीदारांचा एकमेळ पाहावा, असा व्यवहारी दंडक सर्वोच्च न्यायालयाने १९६४ साली मसल्ती खटल्यात घालून दिला. आज एकही सापडणे कठीण. १९४८ साली अठराचा असलेला मनुष्य आज नव्वदीच्या पुष्कळ पुढे गेला आहे. पिंजरा रिकामा आहे. उरले आहे ते लिहून ठेवण्याचे काम, आणि तेही दोन्ही बाजूंच्या घरांत, नावांसह. सुंदरलाल अहवालाचे टिपांसह मराठी भाषांतर कोणी करील तर त्याच्या बैठकीस आम्ही आमच्या पदरची रजा टाकून बसू. तांबोळी, पिंजारी, विणकर यांच्या वस्त्यांत अजून ऐकीव माहिती असलेली नातवंडे आहेत. आमच्यासारखीच, चाळिशी उलटलेली.

आमच्या आजोबांस जाऊन आता वीस वर्षे होत आली. धंद्याने आम्ही उलटतपासणी घेणारे. साक्षीदाराने घातलेल्या सदऱ्याचा रंग विचारल्याशिवाय त्यास सोडीत नाही. त्या दिवशी पडवीत मात्र आम्ही एकही प्रश्न विचारला नाही. त्या तांबोळ्याचे नाव काय होते, हेसुद्धा नाही.